पहिली आज्ञा : संगणकाच्या मालकीचा इतिहास

वस्तूवरील अधिकार सांगण्यासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत त्यांपैकी ‘मालकी’ आणि ‘ताबा’ हे दोन शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने आले. पहिल्याचा रोख हक्काकडे आहे. दुसऱ्याच्या मुळाशी ‘मागून चालणारा, आज्ञेत राहणारा’ असा अर्थ असून ‘ताबेदार’ या शब्दात तो अजूनही स्वच्छ दिसतो. जमिनीच्या व्यवहारात या दोहोंची फारकत महाराष्ट्राला नवी नाही. मिरासदार आणि उपरी यांच्या अधिकारांतील भेद काय किंवा पुढे कुळकायद्याने उपस्थित केलेले प्रश्न काय, या साऱ्यांचे मूळ तीतच आहे. परंतु हाताळण्याजोग्या जंगम वस्तूंच्या बाबतीत ती सहसा संभवत नसे. विळा, घड्याळ किंवा शिवणयंत्र विकत घेतले की ते घेणाऱ्याच्या मालकीचे होई आणि त्याच क्षणी त्याच्या ताब्यातही येई. संगणकाने मात्र हा नियम मोडला. पूर्ण किंमत देऊन घेतलेले, घरात आणून ठेवलेले यंत्र दुसऱ्याच्याच आज्ञेत राहू शकते, अशी स्थिती त्याच्याबरोबर उत्पन्न झाली. ती कशी झाली याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

त्यासाठी यंत्राच्या रचनेतील एका लहानशा बाबीकडे प्रथम लक्ष दिले पाहिजे. संगणकाचा प्रोसेसर स्वतः होऊन काहीच ठरवीत नाही. स्मृतीतील एका ठिकाणची आज्ञा वाचावी, तिचे पालन करावे आणि पुढच्या ठिकाणाकडे वळावे, एवढेच त्याचे कार्य. ज्या आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तीही डिस्कवरून स्मृतीत आणून ठेवण्याचे काम कोणत्या तरी अगोदरच्या आज्ञावलीलाच करावे लागते. मग त्या अगोदरच्या आज्ञावलीला कोणी आणावयाचे? असे मागे मागे जात राहिल्यास अनवस्थाप्रसंग ओढवतो. इंग्रजीत या क्रियेला ‘बूटस्ट्रॅप’ असे नाव पडले. स्वतःच्याच बुटाची पट्टी धरून स्वतःला वर उचलणे, ही त्यामागील कल्पना. कितीही कसलेला नट स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही, हा आपल्या दर्शनग्रंथांतून येणारा दृष्टान्त याच अडचणीचा निर्देश करतो. यंत्रशास्त्राने ती अडचण एका संकेताने दूर केली. विद्युत्प्रवाह सुरू होताच प्रोसेसरने एका ठरावीक पत्त्यावर जावे आणि तेथे जे लिहिलेले असेल ते निमूटपणे पाळावे, असा तो संकेत. आता, नंतरच्या प्रत्येक आज्ञावलीला यंत्रात प्रवेश द्यावयाचा की नाही हे पहिली आज्ञावली ठरवू शकते. तेव्हा त्या पत्त्यावर काय असावे हे ज्याच्या हाती, त्याच्याच ताब्यात ते यंत्र असते. किंबहुना संगणकाच्या मालकीचा इतिहास हा बव्हंशी या पहिल्या आज्ञेच्या स्थलांतराचा इतिहास आहे असे म्हणता येईल.

प्रारंभीच्या काळात हा प्रश्न या रूपात उद्भवलाच नाही, कारण यंत्रे विकलीच जात नसत. छिद्रित कार्डांवर आकडेमोड करणारी आयबीएम कंपनीची यंत्रे भाडेपट्ट्याने दिली जात. त्या पट्ट्यात अशी अट होती की, ग्राहकाने कंपनीचीच कार्डे वापरावीत. अन्य कोणाची वापरल्यास पट्टा संपुष्टात येईल. हलकी कार्डे घातल्यास यंत्र चुकेल आणि त्याचा ठपका कंपनीवर येईल, असे तिचे समर्थन होते. १९३६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट बेकायदेशीर ठरविली. या निकालातील एक तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खुद्द अमेरिकन सरकारला मात्र जादा भाडे भरून स्वतः तयार केलेली कार्डे वापरण्याची सवलत कंपनीने दिलेली होती. सामान्य ग्राहकाच्या कार्डांनी जे यंत्र बिघडावयाचे ते सरकारी कार्डांनी बिघडत नसे!

पुढे २५ जानेवारी १९५६ रोजी झालेल्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने आयबीएमवर यंत्रे विक्रीसही ठेवण्याचे, आणि मालकांना व स्वतंत्र दुरुस्तीकारांना सुटे भाग पुरविण्याचे बंधन आले. पण हा हुकूमनामा अमेरिकेपुरता होता. भारतात १९६० नंतरच्या काळात ‘१४०१’ जातीची जी यंत्रे आयबीएमने दिली त्यांतील पुष्कळशी परदेशांत वापरून झालेली आणि येथे डागडुजी केलेली असत. तीही भाड्यानेच दिली जात. यंत्र कार्यालयात, देखभाल कंपनीच्या माणसाकडे, अशी ही व्यवस्था होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये भारतीय शाखेतील परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट कंपनीने मान्य केली नाही, आणि १९७८ साली ती येथून निघून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी मालकीच्या सीएमसीकडे आली. त्या काळी या घटनेकडे स्वदेशी उद्योगाचा प्रश्न म्हणून पाहिले गेले, ते योग्यच होते. तथापि आपण वापरतो त्या यंत्राच्या अंतरंगाशी आपला संबंध कोणता, हा प्रश्नही या देशात प्रथम त्याच निमित्ताने ठळकपणे पुढे आला.

त्यापूर्वी मुंबईत याहून अगदी वेगळे उदाहरण घडून गेले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याच्या चुंबकीय स्मृतीत ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. वेगाच्या दृष्टीने हे यंत्र लवकरच मागे पडले. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० आला. परंतु ज्यांनी तारा जोडल्या त्यांच्याच इमारतीत ते वापरले जात होते, आणि त्यातील कोणतीही आज्ञा कोठून आली असे विचारले तर उत्तर देणारा माणूस त्याच इमारतीत सापडला असता. मालकी आणि ताबा यांची इतकी पूर्ण एकरूपता नंतरच्या कोणत्याही यंत्रात क्वचितच आढळेल. अर्थात ती प्रयोगशाळेत साधली होती, बाजारात नव्हे.

बाजारात आलेल्या स्वस्त यंत्रांपैकी १९७५ सालचा आल्टेअर ८८०० हा या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. त्याच्या दर्शनी फळीवर खटक्यांची रांग होती. मूळ यंत्रात कायम स्वरूपाची आज्ञावली नव्हती. चालू करताच त्याची स्मृती अर्थशून्य असे. मालकाने खटके वरखाली करून एकेक बाइट स्मृतीत घालावयाचा. अशी वीसएक बाइटांची आज्ञावली हाताने भरली म्हणजे यंत्राला कागदी फितीवरील पुढची आज्ञावली वाचता येई. हे काम अत्यंत कंटाळवाणे होते आणि एक खटका चुकला तरी सारे पुन्हा करावे लागे. पण पहिली आज्ञा येथे अक्षरशः मालकाच्या बोटातून जात होती. हा त्रास वाचविण्यासाठी सुरुवातीची आज्ञावली न पुसल्या जाणाऱ्या, म्हणजे रॉम जातीच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. सोयीसाठी केलेली ही सुधारणा कोणालाही खटकली नाही, आणि खटकण्याचे कारणही नव्हते. परंतु पहिली आज्ञा मालकाच्या बोटातून निघून निर्मात्याच्या चिपमध्ये गेली ती याच वेळी.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेल्या वैयक्तिक संगणकात ही चिप ‘बायोस’ या नावाने होती. त्यातील इंटेल ८०८८ हा प्रोसेसर १०,४८,५७६ बाइटांपर्यंतचे पत्ते हाताळू शके, आणि चालू होताच तो शेवटापासून केवळ १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावर जाई. सोळा बाइटांत कोणतेच काम उरकणे शक्य नाही. म्हणून तेथे ‘अमुक ठिकाणी जा’ एवढीच आज्ञा असे आणि खरा मजकूर त्या दुसऱ्या ठिकाणी असे. यंत्राचे बाकी सर्व भाग बाजारात कोणालाही मिळण्यासारखे होते. ८ किलोबाइटांची ही आज्ञावली तेवढी आयबीएमची स्वतःची. विशेष म्हणजे कंपनीने ती गुप्त ठेवली नाही. तांत्रिक संदर्भपुस्तकात तिची ओळन् ओळ छापून विक्रीस ठेवली. हा उदारपणा होता की व्यूह, याविषयी मतभेद संभवतात. छापलेली संहिता ज्याने वाचली त्याने पुढे तशीच आज्ञावली लिहिली तर ती नक्कल ठरावी, हा परिणाम तर उघडच होता. रॉममधील आज्ञावलीलाही लेखाधिकाराचे संरक्षण मिळते, असा निर्णय ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात १९८३ साली झाला.

कॉम्पॅक या नव्या कंपनीने यातून जी वाट काढली ती ग्रंथसंपादनाच्या अभ्यासकांना रोचक वाटेल. तिने दोन गट केले. एका गटाने आयबीएमची संहिता वाचावी आणि ती काय करते याचे केवळ वर्णन लिहून द्यावे. दुसऱ्या गटात मूळ संहिता कधीही न पाहिलेली माणसे असावीत आणि त्यांनी त्या वर्णनावरून नवी आज्ञावली रचावी. अर्थ घ्यावयाचा, शब्द मात्र एकही घ्यावयाचा नाही, असा हा प्रकार होता. लेखाधिकार शब्दरचनेवर असतो, कार्यावर नसतो, हे तत्त्व त्यांनी कारखान्याच्या दिनचर्येत उतरविले. १९८२ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या या संगणकाची विक्री १९८३ या पहिल्याच वर्षी ११ कोटी १० लाख डॉलरवर गेली. फीनिक्स या संस्थेने तर १९८४ पासून अशी बायोस कोणत्याही उत्पादकाला विकण्यास प्रारंभ केला. ज्यांनी ही दक्षता घेतली नाही त्या कोरोना व ईगल या कंपन्यांना मात्र आयबीएमपुढे नमते घ्यावे लागले.

या घटनेचे मराठीशी असलेले नाते सहसा कोणी सांगत नाही. देवनागरीसह भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, त्यातून ‘जिस्ट’ नावाचे एक कार्ड तयार झाले. ते आयबीएमच्या आणि त्यासारख्या अन्य वैयक्तिक संगणकांच्या खाचेत बसविले की पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. ज्या यंत्राच्या निर्मात्याने मराठीचा विचारही केलेला नव्हता, त्याच्या संमतीवाचून मराठी त्या यंत्रात शिरली. खाचांचे मोजमाप, विद्युत्संकेतांची योजना आणि सुरुवातीच्या आज्ञावलीचे वर्तन हे सर्व छापून प्रसिद्ध झालेले नसते, किंवा ओळखीच्या नसलेल्या कार्डाला यंत्राने हुसकून लावले असते, तर लिपीला निर्मात्याच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागले असते. १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेली ‘इस्की’ ही संकेतपद्धती ज्या प्रयोगांतून परिपक्व झाली ते प्रयोग अशा मोकळ्या यंत्रावरच होऊ शकले.

ओळखीचा नसलेला भाग हुसकून लावण्याची कल्पना तोपर्यंत अन्यत्र मूर्त झालेली होती. जपानी कंपनी निन्टेंडोने १९८३ साली मायदेशी काढलेल्या खेळयंत्रात कुलूप नव्हते. १९८५ साली तेच यंत्र अमेरिकेत आले तेव्हा त्यात एक लहान चिप बसविलेली होती, आणि तशीच चिप कंपनीच्या परवान्याने निघणाऱ्या प्रत्येक खेळाच्या डबीत होती. दोन्ही चिपा ठरलेल्या क्रमाने आकडे काढीत. आकडे जुळले नाहीत की यंत्र दर सेकंदास पुन्हा पुन्हा मुळापासून सुरू होई आणि पडदा लुकलुकत राही. खेळ चांगला की वाईट, यंत्रास घातक की निरुपद्रवी, याचा त्या चिपेला पत्ताही नव्हता. परवाना आहे की नाही, एवढेच ती पाहत होती. पुढे हौशी मंडळींना असे आढळले की यंत्रातील त्या चिपेची चौथी पिन तोडली की कुलूप गळून पडते आणि यंत्र कोणताही खेळ चालवू लागते. अटारी गेम्स या कंपनीने कुलपाची आज्ञावली मिळविण्यासाठी लेखाधिकार कार्यालयाला खोटे निवेदन दिले, आणि ते तिला १९९२ साली न्यायालयात भोवले. त्याच वर्षी सेगा विरुद्ध अकोलेड या खटल्यात, जुळणारा खेळ तयार करण्यासाठी यंत्राच्या आज्ञावलीची उकल करणे हा न्याय्य वापर होय, असा निर्णय मिळाला. म्हणजे कॉम्पॅकने काढलेली वाट तोपर्यंत तरी खुली होती.

ती अरुंद केली ती १९९८ सालच्या अमेरिकन डिजिटल लेखाधिकार कायद्याने. संरक्षित मजकुराकडे जाण्याच्या वाटेवर तांत्रिक कुलूप असेल तर ते मोडणे हाच स्वतंत्र अपराध झाला. आत जाऊन चोरी केली की नाही हा प्रश्न गौण ठरला. त्यामुळे कुलपाच्या मागे ठेवण्यास काही तरी आज्ञावली असली म्हणजे पुरे, मग ती कितीही क्षुद्र असो, असा विचार कंपन्यांत बळावला. लेक्समार्क या मुद्रणयंत्रे करणाऱ्या कंपनीने २००२ साली शाईच्या नळकांड्यांतील अवघ्या काही बाइटांच्या आज्ञावलीचा आधार घेऊन, दुसऱ्या कोणी जुळणारी चिप करू नये असा दावा लावला. अपील न्यायालयाने २००४ साली तो मान्य केला नाही. लेक्समार्क ही १९९१ साली आयबीएमच्याच एका विभागातून निघालेली कंपनी. कार्डांच्या अटीपासून शाईच्या अटीपर्यंतचा हा प्रवास एकाच घराण्यातला आहे, हे गमतीने नमूद करावयास हरकत नाही. भारतीय कायद्याची भूमिका या बाबतीत अधिक विवेकी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ क प्रमाणे लेखाधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप मोडले तरच शिक्षा होते. हेतूचा हा उल्लेख लहान दिसतो. पण आपल्याच यंत्राची तपासणी करणारा माणूस आणि चोर यांच्यातील भेद त्यावरच उभा आहे.

कुलूप पहिल्या आज्ञेपर्यंत नेण्याचा ठळक प्रयत्न मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रात दिसतो. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेले हे यंत्र अंतरंगात वैयक्तिक संगणकच होते. प्रोसेसर तोच वंशपरंपरेचा असल्याने तो त्याच संकेताने सुरू होई. सहज वाचता येणाऱ्या चिपमध्ये सुरुवातीच्या आज्ञा दिसत, पण त्या केवळ चकवा होत्या. खऱ्या आज्ञा ५१२ बाइटांच्या एका छुप्या जागी, दुसऱ्याच चिपेच्या पोटात कोरलेल्या होत्या. अँड्र्यू हुआंग या अमेरिकन संशोधक विद्यार्थ्याने दोन चिपांमधील तारांवर स्वतः बनविलेला जोड बसवून, तेथून वाहणारे संकेत टिपले आणि गुप्त किल्ली हस्तगत केली. चिपेचे पोट फाडणे अवघड असले तरी तिच्यातून बाहेर पडणारे बोलणे ऐकता येते, हे त्याने ओळखले. या संशोधनावरील त्याच्या पुस्तकातून मूळ प्रकाशकाने अंग काढून घेतले, आणि २००३ साली ते त्याने स्वतःच काढले. यंत्र त्याचे, हत्यारे त्याची, तारा त्याच्या. तरीही त्याविषयी लिहिणे धोक्याचे ठरावे, याची अमेरिकेतील विद्यापीठांनीही तेव्हा चिंता वाहिली पाहिजे होती.

यानंतर कुलपाचे तंत्रच पालटले. छुपी किल्ली यंत्रात ठेवली की ती कधी तरी सापडते. म्हणून यंत्रात केवळ स्वाक्षरी पारखण्याचे साधन ठेवावे आणि स्वाक्षरी करण्याची किल्ली निर्मात्याने आपल्याच तिजोरीत ठेवावी, ही योजना पुढे आली. राजमुद्रा पारखता येण्यासाठी मुद्रा जवळ असावी लागत नाही, त्यातलाच हा प्रकार. दिग्दर्शक पावले १९९९ मध्येच पडली होती. ‘विश्वसनीय’ संगणनासाठी त्या वर्षी जो संघ स्थापन झाला त्याच्या संस्थापकांत एचपी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट यांच्या जोडीला कॉम्पॅकही होती. सतरा वर्षांपूर्वी जिने पहिल्या आज्ञेची मक्तेदारी फोडली तीच कंपनी आता त्या आज्ञेभोवती कुंपण घालणाऱ्यांत सामील झाली. इतिहासात असे प्रसंग विरळा नाहीत.

या कुंपणाला केवळ स्वार्थ म्हणणे अन्यायाचे होईल. रॉमच्या जागी पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपा आल्यानंतर धोका खरोखरच वाढला होता. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या विषाणूने असंख्य संगणकांतील बायोस पुसून टाकली आणि ती यंत्रे उठण्यासही असमर्थ झाली. पहिल्या आज्ञेच्या जागी चोर शिरला तर पुढचा कोणताही पहारेकरी त्याला ओळखू शकत नाही, हे खरेच आहे. तेव्हा कुलूप असावे की नसावे, हा वादाचा मुद्दाच नव्हे. किल्ली कोणाकडे असावी, हा आहे.

२०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ सर्वत्र आले तेव्हा या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच दस्तऐवजात दिली गेली. इंटेल परंपरेच्या संगणकांवर मालकाला हे कुलूप बंद करता आले पाहिजे आणि स्वतःच्या किल्ल्याही बसविता आल्या पाहिजेत, अशी अट मायक्रोसॉफ्टने उत्पादकांना घातली. आर्म जातीच्या यंत्रांवर मात्र ते बंद करता येता कामा नये, अशी अट घातली. एकाच कंपनीचे, एकाच वेळचे, हे दोन परस्परविरुद्ध नियम सुरक्षिततेच्या तत्त्वावरून सिद्ध होत नाहीत. जेथे मोकळेपणाची वहिवाट होती तेथे ती मोडण्याचे धाडस झाले नाही. जेथे नव्हती तेथे ती पडू दिली नाही, एवढाच त्यांचा अर्थ. २०१५ मध्ये विंडोज १० च्या वेळी पहिली अटही सैल करून कुलूप उघडण्याची सोय ठेवावी की नाही हे उत्पादकांच्या मर्जीवर सोपविण्यात आले. लिनक्सच्या वितरकांनी आपल्या आरंभीच्या आज्ञावलीवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी घेऊन काम चालविले. २०११ साली काढलेल्या या स्वाक्षरीच्या प्रमाणपत्रांवर २०२६ ही मुदत नोंदलेली आहे. भाडेपट्ट्याचा काळ संपला तरी मुदतीची भाषा राहिली. किल्ल्या बाळगणारेही नेहमीच सावध असतात असे नाही. ‘विश्वास ठेवू नये’ असे इंग्रजीत स्पष्ट लिहिलेली नमुन्याची किल्ली उत्पादकांनी शेकडो प्रकारच्या यंत्रांत तशीच ठेवून ती विकल्याचे २०२४ साली उघडकीस आले.

आणि तरीही प्रोसेसरची पहिली आज्ञा ही यंत्राची पहिली आज्ञा राहिलेलीच नाही. सुमारे २००६ नंतरच्या इंटेलच्या यंत्रणेत ‘मॅनेजमेंट इंजिन’ नावाचा दुसरा लहान संगणक समाविष्ट होऊ लागला. यंत्र बंद दिसत असतानाही, वीज जोडलेली असेल तर तो जागा राहू शकतो. त्याची आज्ञावली इंटेलच्या स्वाक्षरीवाचून चालत नाही. २०१५ नंतरच्या आवृत्तीत त्यावर मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असल्याचे २०१७ मध्ये सर्वश्रुत झाले. विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी मिनिक्स रचणारे डच प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी त्या वेळी इंटेलला जाहीर पत्र लिहून, ही गोष्ट आपल्याला कळविली असती तर सौजन्याचे झाले असते, अशा आशयाची मृदू तक्रार केली. शिक्षणासाठी मोकळी ठेवलेली आज्ञावली जगातील अगणित यंत्रांत मालकांच्या नकळत चालावी, यातील विसंगती त्यांच्यापेक्षा त्या मालकांनी अधिक जाणावयास हवी होती. त्याच वर्षी मे महिन्यात असेही दिसून आले की, या दुसऱ्या संगणकाच्या दूरनियंत्रणाच्या सोयीत परवलीच्या शब्दाच्या उत्तरादाखल काहीच न पाठविल्यास प्रवेश मिळत असे.

हे इंजिन बंद करण्याचा मार्ग मालकाला दिलेला नव्हता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेच्या संशोधकांना त्याच्या संहितेत एक राखीव अंकस्थान सापडले. ते ० चे १ केले की प्रारंभीची कामे उरकून इंजिन निष्क्रिय होते. अमेरिकन सरकारच्या एका विशेष सुरक्षा-योजनेत भाग घेणाऱ्या ग्राहकांसाठी उत्पादकांच्या विनंतीवरून ही सोय ठेवल्याचे इंटेलने मान्य केले. १९३६ च्या निकालातील सरकारी कार्डांचे येथे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. सामान्य ग्राहकाला जी गोष्ट अशक्य म्हणून सांगितली जाते ती सरकारसाठी त्याच वेळी शक्य केलेली असते, आणि त्या अपवादावरूनच, अडथळा यंत्राचा नसून कराराचा आहे, हे अभ्यासकाला कळते.

या सर्वांवर उपाय म्हणून मुळापासूनच मोकळी यंत्रे घडविण्याचे प्रयत्न चालू आहेत. सुरुवातीची आज्ञावली मुक्त ठेवण्याचा लिनक्सबायोस हा प्रकल्प १९९९ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी सुरू केला. तो पुढे कोअरबूट या नावाने वाढला. बर्कले येथे २०१० मध्ये जन्मलेल्या रिस्क-फाइव्ह या आज्ञासंचावर कोणाचीही मक्तेदारी नाही, आणि मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने त्यावर ‘शक्ती’ ही प्रोसेसरांची मालिका रचली. परंतु आज्ञांचा कोश खुला असला म्हणून त्या आज्ञांनी लिहिलेले पहिले वाक्य खुले असेलच असे नाही. रिस्क-फाइव्हवर बांधलेल्या यंत्रालाही निर्मात्याचे कुलूप घालता येते, आणि चिप ओतण्याची भट्टी कोणाची हा प्रश्न तर उरतोच. शक्ती मालिकेतील लिनक्स चालविणारी पहिली चिप २०१८ साली तयार झाली ती इंटेलच्या अमेरिकेतील कारखान्यात. तिच्यामागून आलेली दुसरी चिप चंडीगढजवळच्या सरकारी कारखान्यात, १८० नॅनोमीटरच्या जुन्या तंत्राने, काढण्यात आली.